किनाऱ्यावर हाड सापडलं तर पुढं काय? इक्थिओटायटनच्या नावापर्यंतचा सगळा रस्ता

मे २०२० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट भागात, ब्लू अँकर नावाच्या किनाऱ्यावर जस्टिन रेनॉल्ड्स आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी रुबी फॉसिल शोधत फिरत होते. आधी वडलांना हाडाचा एक तुकडा सापडला आणि मग थोड्या वेळानं रुबीला चिखलाच्या उतारात अर्धवट रुतलेला दुसरा तुकडा दिसला, तो पहिल्याच्या दुप्पट. चार वर्षांनी, १७ एप्रिल २०२४ ला, त्या हाडाला नाव मिळालं: इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस. साधारण २० कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा समुद्री सरपटणारा प्राणी, अंदाजे २५ मीटर लांब, म्हणजे आपल्या एसटीच्या दोन गाड्या एकामागं एक लावल्या तर त्याहून थोडा जास्तच. आणि ज्या रिसर्च पेपरमध्ये ते नाव छापलं गेलं त्याच्या लेखकांमध्ये रुबीचं नाव आहे, आभाराच्या ओळीत नाही, लेखकांच्या यादीत.

मी ब्रिस्टलजवळ राहतो, मुलीला घेऊन या किनाऱ्यांवर जातो, आणि इथल्या मराठी मंडळींकडून नेहमी एकच प्रश्न येतो की अरे खरंच काही सापडलं तर करायचं काय, आणि नाव कसं पडतं, कोण ठेवतं. तर पहिल्या पावलापासून नावापर्यंत सगळं एकदा नीट लिहून काढतो. आधीच सांगतो, यात हाड उचलणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. ते नेमकं कुठं होतं हे लिहून ठेवणं आणि योग्य माणसाला वेळेत सांगणं, रुबीच्या बाबतीत खरं काम यानं झालं.

पायरी १: आधी खडक बघा, किनारा नंतर

लोक म्हणतात समुद्र दिसला की चला फॉसिल शोधायला. तसं नसतं हो. खडक योग्य वयाचा पाहिजे आणि तो त्या काळी समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ पाहिजे. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, मोसासॉर ही समुद्रात राहणारी सरपटणारी मंडळी ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रेटेशियस या काळातली, म्हणजे ढोबळमानानं २५ कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. (यातला एकही डायनासोर नाही हे मुलांना आवर्जून सांगा, पेपरवाले दर वेळी 'समुद्री डायनासोर' छापतात.) त्यामुळं त्या वयाचा चिखलदगड, शेल किंवा चुनखडी उघडी पडली असेल तिथंच जाण्यात अर्थ आहे.

म्हणून आपला कोकण किनारा यात बसत नाही. सह्याद्री आणि महाराष्ट्राचा मोठा भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे, त्या काळ्या कातळात समुद्री सरडे सापडणार नाहीत. हरिहरेश्वरला जाऊन कातळ फोडू नका. पण समुद्री खडक म्हणजे काय ते समजून घ्यायला फार लांब जायला नको, देवघरातला शाळिग्राम आठवा. नेपाळच्या काली गंडकी नदीतून येणाऱ्या त्या काळ्या दगडातलं चक्र म्हणजे अॅमोनाइट या ज्युरासिक काळातल्या समुद्री प्राण्याचं शंख-कवच. ज्या थरात अॅमोनाइट आहेत तो थर समुद्रात साठलाय, आणि ज्युरासिक-क्रेटेशियसच्या अशा थरात समुद्री सरपटणाऱ्यांची हाडं सापडायची शक्यता असते. हा साधा नियम मला सगळ्यात उपयोगी पडलाय.

भारतात असे थर कच्छमध्ये आहेत, जैसलमेरकडे आहेत, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या भागात आहेत. इंग्लंडमध्ये डॉर्सेटचा लाइम रेजिस आणि चारमथचा किनारा सगळ्यात प्रसिद्ध, तो ज्या ज्युरासिक कोस्टचा भाग आहे त्याला २००१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लाइम रेजिसलाच जा आणि तिथल्या म्युझियमची गाइडेड फॉसिल वॉक आधी करा. एकट्यानं दहा दिवस फिरून जे कळत नाही ते दोन तासांत कळतं. ते म्युझियम मेरी अॅनिंगच्या घराच्या जागेवरच उभं आहे, तिच्याबद्दल पुढं लिहितो.

पायरी २: भरती-ओहोटीचं वेळापत्रक

यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्लू अँकर, लिलस्टॉक हा सगळा पट्टा ब्रिस्टल चॅनलवर आहे आणि इथं भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी, सेव्हर्न नदीच्या मुखाकडं तर तो चौदा मीटरच्या आसपास जातो. चार-पाच मजली इमारतीएवढं पाणी वर चढतं आणि खाली जातं असं समजा. मागं उभा कडा, पुढं चढणारं पाणी, मधे आपण, आणि बऱ्याच ठिकाणी वर जायला वाटच नसते. कोकणात लहानपण गेलेल्यांनाही इथला वेग नवीन असतो.

ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी फिरायच्या सुमारास परतीला लागा. वेळापत्रक त्या दिवसाचं आणि त्याच जागेचं बघा. फोनवर अलार्म लावा, कारण फॉसिल शोधताना वेळेचं भान राहत नाही हे मी स्वतः अनुभवलंय, मुलीनं सांगितलं नसतं की बाबा ती मघाची वाट दिसत नाहीये तर पंचाईत झाली असती. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका, दरडी पडतात, पावसानंतर तर हमखास. दरडीचा मऊ चिखल दिसायला घट्ट वाटतो पण माणूस मांडीपर्यंत रुततो. अडकलात तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

सोबत काय घ्यायचं: चांगली पकड असलेले बूट, डोक्याला हेल्मेट, पाणी, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या, जाड मार्कर, वही, मोजपट्टी, फुल चार्ज केलेला फोन. हातोडी? पहिल्या पाच-सहा वेळा घरी ठेवा. ब्लू अँकर ते लिलस्टॉक हा पट्टा शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित आहे, तिथं कडा खोदायचा नसतो. किनाऱ्यावर सुटं पडलेलं बघायचं एवढंच. डॉर्सेटच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉसिल गोळा करण्याची स्वतंत्र नियमावली आहे, तिच्यात सुटं फॉसिल उचलायला हरकत नाही पण कड्यात असलेलं परवानगीशिवाय काढायचं नाही आणि महत्त्वाचं काही मिळालं तर चारमथच्या हेरिटेज सेंटरला नोंद करायची. जाण्याआधी त्या जागेचा नियम वाचा, दर ठिकाणी वेगळा असतो.

हंगामाचं म्हणाल तर हिवाळा. वादळं येतात, लाटा कडा खातात, नवीन माल खाली पडतो. उन्हाळ्यात गर्दी असते आणि वरचं सगळं आधीच कुणीतरी उचललेलं असतं.

पायरी ३: हाड ओळखायचं कसं

सुरुवातीला सगळेच दगड हाडासारखे वाटतात आणि खरं हाड समोर असलं तरी दिसत नाही. दगड एकसंध असतो पण हाडाच्या तुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसते, पावाच्या किंवा स्पंजच्या आतल्यासारखी. साधं भिंग असलं तरी पुरतं. या भागातली हाडं गाळातल्या खनिजांमुळं काळी-तपकिरी झालेली असतात आणि हातात घेतली की जड लागतात, लाकूड समजून उचलायला जावं तर वजनानं दचकायला होतं. लाकडाचे फॉसिलही सापडतात पण त्यात रेषा एकाच दिशेनं लांब जातात.

सगळ्यात जास्त सापडतात ते मणके, कारण एका प्राण्यात ते खूप असतात आणि टिकतातही. इक्थिओसॉरचा मणका म्हणजे जाड चकती, कॅरमच्या स्ट्रायकरसारखी पण दोन्ही बाजूंनी खोलगट, मधून कापला तर डमरूसारखा आकार दिसतो. प्लेसिओसॉरचा मणका जास्त लांबट, त्याचे दोन्ही चेहरे जवळजवळ सपाट आणि खालच्या अंगाला बहुतेक वेळा दोन छोटी भोकं असतात, एकदा ती बघितली की मग चूक होत नाही. मोसासॉरचा मणका एका बाजूनं खोलगट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर असतो, म्हणजे एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो, हल्लीच्या सरड्यांसारखाच. पण मोसासॉर नंतरच्या, क्रेटेशियस काळातले, सॉमरसेटला मोसासॉर सापडला म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो खडकच त्यांच्याआधीचा आहे.

बरगड्या, वल्ह्यासारख्या पायांतली गोल-चौकोनी छोटी हाडं, लांब जबड्याचे तुकडे हेही मिळतं. रुबीला मिळालं ते खालच्या जबड्याच्या मागच्या भागातलं हाड, त्याला सरअँग्युलर म्हणतात, आणि पूर्ण असताना ते दोन मीटरहून लांब असावं. एकटं हाड हां! इतकं मोठं हाड किनाऱ्यावर पडलेलं असताना ओळखू यावं ही सोपी गोष्ट नाही, ओंडका किंवा जुना पाइप म्हणून कुणीही पुढं गेलं असतं. २०२१ मध्ये रटलंडच्या जलाशयात दहा मीटर लांबीचा इक्थिओसॉर सापडला तेव्हा तो बघणाऱ्या माणसालाही आधी चिखलातले पाइपच वाटले होते.

पायरी ४: सापडलं! आता हात मागं

हीच ती पायरी जिथं बहुतेक लोक घाई करतात. हाड सुटं पडलंय की खडकात रुतलंय ते आधी बघा. काहीही हलवायच्या आधी फोटो काढा. एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, एक चार पावलं मागं येऊन, आणि एक एवढा लांबून की कडा, वाट, एखादं घर असं काहीतरी ओळखीचं त्यात येईल. फोनवर लोकेशन चालू ठेवून जागा सेव्ह करा. मग वहीत लिहा: तारीख, वेळ, ओहोटी किती झाली होती, हाड वाळूवर होतं की चिखलात, वरच्या कड्यात कोणत्या रंगाचा थर दिसतोय, आजूबाजूला आणखी तुकडे होते का. मार्करनं पिशवीवर नंबर टाका आणि तोच नंबर वहीत.

हे कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय हाडाची शास्त्रीय किंमत जवळजवळ शून्य होते. कोणत्या थरातलं हे कळलं नाही तर वय कळत नाही, आणि वय कळलं नाही तर तुलना कशाशी करणार. माझ्याकडं अगदी सुरुवातीला उचललेला एक सुंदर मणका आहे, दोन्ही बाजू शाबूत, आणि तो तीन किनाऱ्यांपैकी नक्की कुठला हे मी लिहिलं नव्हतं. तो आता फक्त शोभेचा आहे, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

खडकात रुतलेलं असेल, किंवा एकाहून जास्त हाडं ओळीनं दिसत असतील, तर ओढायचं नाही. झाकून ठेवा, जागा नोंदवा, परत या आणि फोन करा. सांगाडा जसा पडलाय तशी रचना हीच माहिती असते. पूर्ण सांगाडा काढणं हे टीमचं काम आहे, भोवती खंदक खणायचा, हाडांवर आधी ओला कागद किंवा फॉइल, त्यावर प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, ते वाळलं की खालून कापून अख्खा ठोकळा उलटा करायचा. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ सापडलेला इक्थिओसॉर असाच काढला, दिल्ली विद्यापीठाचे गुंटूपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी, भुजच्या विद्यापीठातले लोकही त्यात होते. दगड कठीण, वर कच्छचं ऊन, सुमारे १५०० मनुष्य-तास लागले म्हणतात. साडेपाच मीटरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला तो या चिकाटीमुळं.

पायरी ५: घरी आणल्यावर

समुद्रातून आलेल्या हाडात मीठ असतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि हाड आतून फुटतं. गोड्या पाण्यानं धुवा, मऊ ब्रश वापरा, आणि सावलीत हळूहळू वाळू द्या. उन्हात नाही, हीटरवर तर नाहीच नाही. या भागातल्या काळ्या चिखलदगडात पायराइट नावाचं खनिज भरपूर असतं, त्याला दमट हवा लागली की ते सडायला लागतं, पिवळट भुकटी निघते, आंबूस वास येतो आणि बघता बघता हाडाचा भुगा होतो. त्यामुळं अशा हाडाला दिवसेंदिवस पाण्यात बुडवून ठेवू नका आणि वाळल्यावर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, औषधाच्या बाटलीत येतात त्याच.

आणि फेविक्विक नको. कितीही मोह झाला तरी नको. एकदा लावलं की निघत नाही आणि चुकीचा जोड कायमचा बसतो. म्युझियममधले लोक पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं प्लास्टिक अॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण ते पुन्हा अॅसिटोननं सोडवता येतं. तुकडे महत्त्वाचे वाटत असतील तर तुम्ही काहीच चिकटवू नका, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा. खडक कोरून हाड मोकळं करायचं काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक पेननं होतं, त्याला वर्षानुवर्षांची सवय लागते, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका.

जोड कुठं लावायचा ही गोष्ट तज्ज्ञांनाही चकवते. अमेरिकेत कॅन्ससमध्ये सापडलेल्या इलॅस्मोसॉरसचं वर्णन १८६८ मध्ये एडवर्ड कोप यांनी केलं आणि कवटी चुकून शेपटीच्या टोकाला बसवली, एवढी लांब मान असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. १८७० मध्ये जोसेफ लायडी यांनी ती चूक दाखवून दिली.

पायरी ६: कुणाला सांगायचं

रेनॉल्ड्स बापलेकीनं इथं जे केलं ते अगदी आदर्श आहे. घरी येऊन त्यांनी शोधाशोध केली, तेव्हा त्यांना कळलं की जवळच्याच लिलस्टॉकला २०१६ मध्ये पॉल डे ला साल यांना असंच एक प्रचंड जबड्याचं हाड सापडलं होतं, ९६ सेंटिमीटरचा तुकडा, आणि त्यावर २०१८ मध्ये पेपर आला होता. त्या पेपरचे मुख्य लेखक डीन लोमॅक्स, इक्थिओसॉरवर काम करणारे. रेनॉल्ड्सनी थेट लोमॅक्सनाच लिहिलं. फेसबुकवर टाकून 'हे काय आहे कुणी सांगेल का' असं नाही केलं. मग लोमॅक्स आणि डे ला साल दोघंही त्यांच्यासोबत किनाऱ्यावर गेले, आणखी तुकडे मिळत गेले, शेवटचा ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे अडीच वर्षं ही मंडळी त्याच जागी परत परत जात होती! एका जबड्याचं कोडं पूर्ण करायला.

मेल कसा लिहायचा ते सांगतो. चार-पाच ओळी पुरतात: मी अमुक तारखेला अमुक किनाऱ्यावर अमुक जागी हे उचललं, लांबी एवढी, वजन एवढं, फोटो जोडलेत, मोजपट्टीसह सगळ्या बाजूंनी, हाड माझ्याकडं सुरक्षित आहे आणि मी काही चिकटवलेलं नाही. एवढंच. 'नवीन प्रजाती सापडली' असं स्वतःहून लिहू नका. भागातल्या म्युझियमच्या भूशास्त्र विभागाला लिहिलं तरी चालतं, तिथले लोक योग्य माणसाकडं पोचवतात. भारतात असाल तर जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग किंवा जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, आणि हाड जागेवरच ठेवून फोटो आणि लोकेशन पाठवा.

हाड शेवटी म्युझियममध्ये गेलंच पाहिजे, हे मनाची तयारी करून ठेवा. घरातल्या कपाटातल्या हाडावरून नाव ठेवता येत नाही, कारण उद्या दुसऱ्या कुणाला ते तपासायचं असेल तर त्याला ते बघता यायला पाहिजे. ब्लू अँकरचं हाड ब्रिस्टलच्या म्युझियमकडं गेलं. मला विचाराल तर द्यायला जीवावर येतं हे खरं, पण त्या हाडाजवळच्या कार्डवर तुमचं नाव शोधणारा म्हणून लागतं, आणि ते कपाटात कधीच लागलं नसतं.

हा मान पूर्वी मिळत नव्हता. १८११-१२ मध्ये लाइम रेजिसला जोसेफ अॅनिंगला इक्थिओसॉरची कवटी आणि त्याच्या बहिणीला, मेरीला, बाकीचा सांगाडा सापडला, मेरी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तो २३ पौंडांना विकला गेला. १८२३ मध्ये मेरीनं पूर्ण प्लेसिओसॉर शोधला, त्याची मान एवढी लांब की पॅरिसचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांना तो बनावट वाटला, नंतर त्यांनी चूक मान्य केली. विल्यम कॉनिबेअर यांनी १८२४ मध्ये लंडनला जिऑलॉजिकल सोसायटीत तो मांडला, त्याला प्लेसिओसॉरस डोलिकोडायरस नाव दिलं, आणि मेरीचं नाव कुठंच घेतलं नाही. बाई होती, गरीब होती. तिच्या नावाची इक्थिओसॉरसची प्रजाती यायला २०१५ साल उजाडलं, इक्थिओसॉरस अॅनिंगी, ज्युडी मॅसारे आणि त्याच डीन लोमॅक्सनी ठेवलेली. ते फॉसिल डॉनकास्टरच्या म्युझियममध्ये पडून होतं आणि तिथं सगळ्यांना ती प्लॅस्टरची प्रतिकृती वाटत होती.

पायरी ७: नवीन आहे हे सिद्ध करणं

मोठं आहे म्हणजे नवीन असं नसतं. आतापर्यंत त्या गटात वर्णन झालेल्या प्रत्येक प्राण्याशी तुलना करायची आणि या हाडात असं काहीतरी दाखवायचं जे इतर कुठंच नाही. यालाच वर्षं लागतात, देशोदेशीच्या म्युझियममधली कपाटं उघडावी लागतात. २०१८ मध्ये लिलस्टॉकचं हाड एकटंच होतं, म्हणून तेव्हा लेखकांनी नाव ठेवलं नाही, फक्त 'राक्षसी इक्थिओसॉर' एवढंच म्हटलं. मला हा संयम फार आवडतो. दुसरं, जास्त पूर्ण हाड ब्लू अँकरला मिळालं, दोन्हींत तीच खास वैशिष्ट्यं दिसली, तेव्हा खात्री झाली की ही प्रजातीची खूण आहे, एखाद्या प्राण्याचं व्यंग नाही. शिवाय बॉन विद्यापीठाचे मार्चेलो पेरिलो यांनी हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, हाडाची वाढ इक्थिओसॉरसारखीच होती आणि मेला तेव्हा हा प्राणी अजून वाढतच होता! २५ मीटर आणि अजून वाढतोय.

याचाच एक फायदा असा झाला की ब्रिस्टलजवळच्याच ऑस्ट इथं जुन्या काळी सापडलेली काही मोठी हाडं, जी दीडशेहून जास्त वर्षं डायनासोरची समजली जात होती, तीही बहुधा अशाच इक्थिओसॉरच्या जबड्याची आहेत हे २०१८ च्या पेपरमध्ये मांडलं गेलं.

आणि उलटं उदाहरण कच्छचं. एवढा पूर्ण सांगाडा, २०१७ मध्ये प्लॉस वन या शास्त्रीय जर्नलमध्ये पेपर, पण त्याला नवीन नाव दिलं नाही, ऑफ्थॅल्मोसॉरिडी या कुळातला एवढंच ठरवलं, कारण प्रजाती ठरवायला लागणारे कवटीचे भाग पुरेसे शाबूत नव्हते. लोक विचारतात आपल्या इक्थिओसॉरला भारतीय नाव का नाही दिलं, तर कारण हे आहे. घाईत दिलेल्या नावाचं काय होतं तेही भारतातच बघायला मिळतं, १८७९ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी तिरुचिरापल्लीच्या भागातल्या मोजक्या मणक्यांवरून इक्थिओसॉरस इंडिकस असं नाव ठेवलं, आणि आज ते संशयास्पद नावांत मोडतं, कारण त्या मणक्यांत वेगळं ओळखता येईल असं काही नाही.

पायरी ८: नाव ठेवणं

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत, सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नावाचे दोन भाग, पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. रोमन लिपीत पहिल्याचं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, दोन्ही तिरप्या टाइपात. इक्थिस म्हणजे ग्रीकमध्ये मासा, टायटन म्हणजे पुराणातला राक्षसी देव, आणि सेव्हर्नेन्सिस म्हणजे सेव्हर्नच्या मुखाचा. जागेवरून नाव असेल तर शेवटी बहुतेक वेळा एन्सिस लागतं, पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी आय, बाईच्या नावावरून ठेवलं तर ए आणि ई. म्हणूनच मेरीच्या नावाचं अॅनिंगी हे स्त्रीलिंगी रूप आहे. स्वतःचंच नाव स्वतः ठेवलेल्या प्रजातीला द्यायचं नाही, हा शिष्टाचार सगळे पाळतात.

नाव ठेवताना एक नमुना ठरवावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते पेपरमध्येच लिहावं लागतं. नाव म्हणजे त्या एका हाडाला बांधलेली दोरी समजा. पुढं कितीही वाद झाले तरी नाव त्या हाडासोबत राहतं. इक्थिओटायटनचा होलोटाइप ब्लू अँकरचं हाड आहे, लिलस्टॉकचं नाही, जरी ते आधी सापडलं तरी, कारण ब्लू अँकरचं जास्त पूर्ण आहे.

मग वर्णन लिहायचं, इतरांपासून वेगळं काय ते स्पष्ट मांडायचं, पेपर तज्ज्ञांकडं तपासायला जातो, ते शंका काढतात, परत लिहायचं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमध्ये नाव छापायचं असेल तर झूबँक या नोंदवहीत नोंद करून तो क्रमांक पेपरमध्ये द्यावाच लागतो, हा नियम २०१२ पासूनचा. पेपर छापून येईपर्यंत नाव कुठंही सांगायचं नाही. वर्तमानपत्रात, व्हॉट्सअॅपवर, भाषणात सांगितलेलं नाव नियमाप्रमाणं धरलंच जात नाही, नुसता गोंधळ होतो.

छापून आल्यावर जे नाव आधी आलं तेच टिकतं, मग ते चुकीच्या समजुतीवर का असेना. १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांनी अमेरिकेतल्या प्रचंड मणक्यांना बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा, असं नाव दिलं कारण त्यांना तो समुद्री सरपटणारा प्राणी वाटला. नंतर रिचर्ड ओवेन यांनी दात बघून सांगितलं की हा सस्तन प्राणी आहे, आदिम व्हेल, आणि झ्युग्लोडॉन असं नवीन नाव सुचवलं. पण नियम म्हणजे नियम. आजही त्या व्हेलचं नाव सरड्यांचा राजाच आहे.

इक्थिओटायटनची कवटी अजून कुणाला सापडलेली नाही, मणके नाहीत, वल्ह्यासारखा पाय नाही. फक्त जबड्याच्या हाडांवरून सगळा प्राणी उभा केलाय आणि २५ मीटरचा आकडा नातलग इक्थिओसॉरच्या प्रमाणावरून काढलेला अंदाज आहे. बाकीचा प्राणी त्या कड्यात असू शकतो, आणि कडा दर हिवाळ्यात थोडा मागं सरकतो. जानेवारीत जाणार असाल तर मोजपट्टी विसरू नका, आणि ओहोटीची वेळ त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा तपासा.